निरंक

सावर्ड्याच्या धक्क्यावर मी एकोणीस वर्षं ट्रक मोजले.
चार काड्या उभ्या, पाचवी आडवी,
झाली एक जुडी.
जुड्यांवर जुड्या चढत, बार्ज गळ्यापर्यंत पाण्यात बसे
तेव्हा कळायचं, हिशेब जुळला.
रात्री नाक शिंकरलं तरी रुमालावर लाल माती
आणि झोपेतही उजवा अंगठा हलत राही.

मग खाणी बंद झाल्या.
धक्क्यावर गवत आलं. गवत कोण मोजणार?
कपाटात कोऱ्या ट्रिप शिटांचे तीन गठ्ठे उरले
आणि रक्तात साखर, दोनशे ऐंशी.

डॉक्टर म्हणाला, चाला.
वेर्ण्याहून शिफ्ट संपवून लेक आली,
मोबाईलमध्ये तिने काहीतरी घालून दिलं.
सलग सात दिवस झाले की पडद्यावर फटाके उडतात म्हणाली,
आवाज न करता.
मी हो म्हटलं. तिसऱ्या दिवशी चार्जर सापडेना.

शेवटी शीटच काढली.
‘माल’च्या रकान्यात लिहिलं: चालणे, पुलापर्यंत आणि परत.
‘चालक’: माझं नाव.
‘मोजणार’: पुन्हा माझंच.

पहिल्या जुडीला पंधरा दिवस लागले.
दुसरीला आठ.
तिसरी सरळ पाचात.
पुलाखालचं पाणी आता हिरवं असतं.
इतकी वर्षं नदीकाठी बसून
मी तिचा हा रंग पाहिलाच नव्हता.
कधी पाय नको म्हणतात,
तेव्हा शीट म्हणते, चार झाल्यात, आडवी राहिलीय.
बासष्टाव्या वर्षी माणूस एका आडव्या रेघेसाठी चपला घालतो
हे बाहेर सांगू नये.

चैत्रात कुष्टा सालेलकर आला.
त्याचे दोन टिपर होते तेव्हा
खिडकीतून अर्धा बाहेर लोंबकळत ओरडायचा,
‘मार रे एक काडी जास्त, तुझ्या बापाचं काय जातंय?’
एकोणीस वर्षांत मी मारली नाही.
(एकदा मारली. त्याची बायको मडगावला इस्पितळात होती.
ती जुडी अजून मला वाकडी दिसते.)
टिपर गेले, कुष्टा तोच.
पिशवीत हुर्राकची बाटली, लिंबं, चिरलेली मिरची.
संध्याकाळी मी पुलाकडे पाहिलं,
मग मिठाच्या डबीकडे.

रात्री अकराला शीट समोर.
सत्तेचाळीस काड्या. नऊ जुड्या, वर दोन.
आणि आतून कुणीतरी, कुष्टाच्या आवाजात:
मार रे.
ट्रकवाला तू, कारकून तू, बार्जही तूच.
कोण बघतंय?

पेन उघडं होतं.

धक्क्यावर ज्या दिवशी बार्ज येत नसे
त्या दिवशीही शीट भरावी लागे.
साहेब म्हणायचे, कोरं ठेवू नका,
कोऱ्यात उद्या कुणीही काहीही भरतं.
नाही तर नाही. पण लिहा.
एक शब्द होता त्यासाठी, सरकारी, कोरडा.
माझं अक्षर तेवढ्या एका शब्दात फार छान येई.

निरंक.

लिहिला.
खाली वेळ घातली, सही केली,
मोजणाऱ्याची नेहमीसारखी,
चालकाची जरा तिरकी.

सकाळी डोकं दगड.
दाराशी चपला, त्यातली एक उलटी.
ती सुलटी करायला वाकलो आणि घालूनच टाकली.
पुलापर्यंत गेलो नाही,
विजेच्या तिसऱ्या खांबापर्यंत गेलो.
त्याची काडी होत नाही.
समासात बारीक लिहून ठेवलं,
खांब, तीन.